आठ एकर मालकी रान: तोडायला द्यावं, काजू लावावा की 'कार्बनवाल्या'ची सही घ्यावी?

सड्यावरची (देवरुख)

नमस्कार. मी देवरुखला शिवणकाम करते. गाव संगमेश्वर तालुक्यातच, इथून एसटीने पाऊण तासावर. तिथे आमचं आठ एकर मालकी रान आहे, सामाईक. सातबाऱ्यावर तीन नावं: दादा (तो डोंबिवलीला असतो), मी आणि धाकटी बहीण. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून रानाचं काय करायचं हा विषय दर गणपतीत निघतो आणि विसर्जनाबरोबर मिटतो. यंदा मात्र काहीतरी ठरवावंच लागणार आहे.

रान म्हणजे ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, थोडा आसाणा, मधे करवंदीच्या जाळ्या. वरच्या अंगाला कातळसडा (खडकाळ माळ), खाली पऱ्या (ओढा). पऱ्याच्या काठावर एक बेहडा आहे. मी आणि बहीण, दोघींनी हातात हात धरले तरी तो कवेत येत नाही. त्याच्या ढोलीत माडगरुडाची (धनेशाची) मादी बसते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. अप्पांनी २००६ साली रान तोडायला दिलं होतं, बहिणीच्या लग्नासाठी. तेव्हा त्यांनी हा बेहडा आणि काठावरची दहाबारा झाडं राखली. बाकी जे आज उभं आहे ते त्या खुंटांवरून पुन्हा फुटलेलं.

आता तिघे जण मागे लागले आहेत. लाकडाचा ठेकेदार म्हणतो, अडीच लाख उक्ते देतो, दिवाळीनंतर गाडी लावतो. दादा म्हणतो, लाकूड काढून टाकू आणि जेसीबीने टप्पे पाडून वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं लावू. तिसरा एक मुलगा गेल्या महिन्यात मोटरसायकलवरून आला होता, 'कार्बन क्रेडिट'चं, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचे दाखले विकायचं काम करतो म्हणाला. रान तसंच ठेवा, एकरी वर्षाला बारा हजार मिळतील, फक्त ४० वर्षांच्या करारावर सही करा. करार इंग्रजीत आहे, सतरा पानांचा.

दादाशी माझा वाद एका वाक्यावर अडलाय. तो म्हणतो, "रान तोडलं तरी पुन्हा फुटतंच ना? मग हवेचं नुकसान कसलं? जेवढा धूर गेला तेवढा झाडं परत ओढून घेतात, हिशेब शून्य." मला हे चुकीचं वाटतं, पण का चुकीचं ते सांगता येत नाही. आणि नुसतं 'वाटतं' म्हणून मी त्याला अडीच लाखांना नाही म्हणायला कसं लावू? त्याच्याही मुलीचं कॉलेज आहे.

या विषयातलं कुणी असेल तर सांगा. आमच्या रानात किती कार्बन आहे हे मला मोजता येईल का? आणि तो करार खरा असतो का?

निवृत्त वनपाल (चिपळूण)

ताई, कार्बनचं इतर लोक सांगतील, मी कागदाचं सांगतो. माझी सगळी नोकरी त्याच्यात गेली.

पहिलं काम, तलाठ्याकडून ताजा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. तिथे 'खाजगी वन' असा शेरा किंवा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ३५ चा उल्लेख असेल तर विषय पूर्ण बदलतो. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यात अशा बऱ्याच जमिनी गेल्या, आणि कोकणात कित्येक घरांना हे अजून माहीत नाही. तसा शेरा असेल तर केंद्राच्या परवानगीशिवाय तिथे जेसीबी घालून बाग करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर 'वन' म्हणजे फक्त सरकारी वन असं राहिलेलं नाही.

शेरा नसला तरी १९६४ चा झाडतोड कायदा आहेच. ऐन, किंजळ आणि जांभूळ तिन्ही अनुसूचित झाडं आहेत. परवानगी अर्जावर तिन्ही खातेदारांच्या सह्या लागतात. ठेकेदार म्हणेल 'ते मी बघतो'. त्याला बघायला देऊ नका. तुमच्या सहीशिवाय गाडी लागली तर गुन्हा जमिनीच्या मालकावरही येतो.

पऱ्याच्या काठाला हात लावू देऊ नका. उद्या परवानगी मिळाली तरीसुद्धा नाही. उताराची माती एकदा सुटली की चार पावसाळ्यांत खालच्या विहिरीत गाळ येतो. असे पऱ्ये मी माझ्या डोळ्यांनी मेलेले बघितलेत.

टेप आणि वही (पुणे)

मी जंगलातला जैवभार, म्हणजे झाडांचं वजन, मोजायचं काम करतो, तेव्हा ताईंच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

तुमच्या दादांचं वाक्य अर्धं बरोबर आहे. ऐन-किंजळ खुंटावरून जोरात फुटतात, म्हणून तोड झाली की रान संपलं असं होत नाही. पण हिशेबात वेळ धरावी लागते. २००६ ला जे गेलं ते भरून यायला १९ वर्षं लागली. तेवढी वर्षं तो कार्बन हवेत होता, एकदम नाही तर हळूहळू कमी होत. आज पुन्हा तोडलं तर पुन्हा तेवढाच काळ. अशा फेऱ्यात असलेल्या रानात वर्षानुवर्षांची सरासरी काढली तर भरल्या रानाच्या साधारण निम्माच साठा राहतो. तेच रान तोडलं नाही तर साठा आज आहे तिथून वर चढत जातो, कारण १९ वर्षांचं फुटव्याचं रान म्हणजे ऐनासाठी पोरवय. 'हिशेब शून्य' तेव्हाच म्हणता येईल जेव्हा तोडण्याची तुलना न तोडण्याशी केलीच नाही.

आणि हे झालं नुसतं लाकडाचं. जंगलाच्या कार्बनचे पाच कप्पे धरतात: जमिनीवरचं झाड, मुळं, पडलेलं लाकूड, पालापाचोळा आणि माती. भारताच्या जंगलांत एकूण साठ्यापैकी निम्म्याहून जास्त कार्बन मातीतच आहे. खुंट ठेवून केलेल्या तोडीत माती बरीचशी वाचते, मुळं जिवंत राहतात. जेसीबीने टप्पे पाडले की तीच माती उलटी होते, उन्हात येते आणि तिच्यातला कार्बन सुटू लागतो. म्हणून मला विचाराल तर तुमच्यापुढच्या तीन वाटांपैकी सगळ्यात महाग वाट ठेकेदाराची नाही, टप्प्यांची आहे.

मोजायचं म्हणाल तर नक्की जमेल, तुम्ही शिवणकाम करता म्हणजे टेप घरातच आहे. २० मीटर × २० मीटरचा चौकोन सुतळीने आखा. उतारावर दोरी जमिनीवर लोळवू नका, आडवी ताठ धरा, नाहीतर चौकोन लहान भरतो. एका काठीवर १.३७ मीटरला खूण करा. वनखात्यात छातीची उंची म्हणून हीच धरतात. झाडाच्या चढाकडच्या बाजूला काठी उभी करायची आणि त्या खुणेवर बुंध्याचा घेर घ्यायचा. ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराचं प्रत्येक खोड वहीत लिहा, झाडाच्या नावासकट. एका खुंटावर चार फुटवे असतील तर चारही वेगळे. उंची डोळ्यांनी अंदाजे चालेल, पण प्रामाणिकपणे लिहा.

एक झाड करून दाखवतो. ऐनाचा घेर ९० सेंमी, म्हणजे व्यास साधारण २८.६. उंची १२ मीटर. ऐनाचं लाकूड जड, घनता सुमारे ०.७३. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं सूत्र जगभर वापरतात, त्यात हे घातलं की जमिनीवरचं कोरडं वजन येतं सुमारे ३९० किलो. मुळांसाठी त्यात पाव भाग मिळवा. त्याचा ४७ टक्के कार्बन. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ४४ ने गुणून १२ ने भागायचं. सगळं करून ८४० किलोच्या आसपास. एका मध्यम ऐनात एवढं असतं.

वही भरली की इथे टाका, सूत्र मी चालवतो.

लोट्याचा बॉयलरवाला

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी खेड तालुक्यात एका कारखान्यात बॉयलर चालवतो. आमच्याकडे लाकूड जळतं, कोकणातलंच. साहेब लोक सांगतात की लाकूड हे 'कार्बन न्यूट्रल' इंधन आहे, कोळशाऐवजी लाकूड जाळलं म्हणून आमच्या कारखान्याचे आकडे चांगले दिसतात. या ताईंनी लाकूड दिलं नाही तर आमच्या भट्टीत कोळसा जाईल. मग हवेचा फायदा काय झाला?

मला खरंच उत्तर हवंय. दिवसाला किती लाकूड आत जातं ते माझ्या हाताला माहीत आहे. हे सगळं शून्य म्हणून लिहिलं जातं हे मला कधी पटलेलं नाही.

टेप आणि वही (पुणे)

तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. ते 'शून्य' कुठून आलं ते सांगतो.

देशांच्या हिशेबाचे नियम आयपीसीसीने (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने) ठरवलेत, २००६ च्या मार्गदर्शिकेत. त्यात लाकूड जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या रकान्यात धरायचाच नाही असं आहे. कारण तो आधीच दुसऱ्या रकान्यात वजा झालेला असतो, जमीन आणि जंगलाच्या. रान तुटलं त्या वर्षी रानाचा साठा कमी झाला, तिथे त्याची नोंद होणार. दोनदा मोजू नये म्हणून एका जागी शून्य लिहिलंय. शून्याचा अर्थ 'निघालाच नाही' असा नाही, 'दुसऱ्या वहीत लिहिलाय' असा आहे. कारखाना फक्त आपली वही दाखवतो. दुसरी वही ताईंच्या रानाची आहे आणि ती कुणी उघडत नाही.

शिवाय तेवढीच उष्णता मिळवायला लाकूड जाळलं तर धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाइतकाच, बहुतेक वेळा थोडा जास्तच असतो. ओलं लाकूड असेल तर आणखी. फायदा धरायचा तो फक्त रान परत वाढलं तर आणि वाढेल तेव्हा. बागेच्या छाटणीच्या फांद्या, काजूची टरफलं किंवा भाताचा तूस जाळत असाल तर गोष्ट वेगळी, ते असंही कुजणारच होतं.

सड्यावरची (देवरुख)

रविवारी गेले होते, बहिणीला घेऊन. वनपालकाका, आधी तुमचं काम: सातबाऱ्यावर 'खाजगी वन' शेरा नाही. इतर हक्कात फक्त एका जुन्या सोसायटी कर्जाचा बोजा निघाला, तोही फेडलेला. तेवढ्यानेच जीवात जीव आला.

आता मोजणी. माझी शिवणाची टेप दीडशे सेंटिमीटरची, त्यामुळे बेहड्याला तीन टेपा पिनांनी जोडाव्या लागल्या. (तो चौकोनात नव्हता, तरी मोजला. घेर ३ मीटर १५.) १.३७ ची काठी माझ्या हनुवटीला लागते, मग काठी टाकून दिली आणि हनुवटीवरूनच खुणा केल्या. बहीण लिहीत होती. एकूण २७ खोडं. त्यांत ऐन ११, किंजळ ९, जांभूळ ३, आसाणा २, कुंभा २. सगळ्यात जाड ऐन १०४ सेंटिमीटर. यादीचा फोटो तुम्हाला निरोपात पाठवलाय.

एक गोष्ट सांगायची राहून जाईल म्हणून लिहिते. एका ऐनाच्या बुडाशी २००६ चा खुंट अजून आहे. मधला भाग कुजून खळगा झालाय, त्यात पानं आणि पाणी. आणि त्याच्या कडेने तीन फुटवे उठलेत, तिघांचे घेर ५८, ६१ आणि ७४. अप्पांनी तेव्हा ठेकेदाराच्या माणसांना बजावलं होतं की खुंट जमिनीलगत आणि तिरका तोडा, पाणी साचलं की खुंट मरतो. ते स्वतः दिवसभर उभे होते. मला तेव्हा वाटलं होतं की पैसे घेतले आणि आता उगाच किरकिर करतायत. रविवारी त्या खुंटाजवळ बसून मी बराच वेळ रडले.

टेप आणि वही (पुणे)

यादी मिळाली, खूप नीट केलीत. २७ खोडांचं मिळून जमिनीवरचं कोरडं वजन सुमारे २.४ टन. हेक्टरला ६० टन. पण एक विचारतो: हा चौकोन तुम्ही कसा निवडलात? आकडा पाहून वाटतंय की तुम्ही रानातली सगळ्यात भरलेली जागा घेतलीत. सगळेच असं करतात, चांगली झाडं बघून पाय आपोआप तिकडे वळतात. आठ एकरात सड्याकडचा विरळ भागही आहे ना? नकाशाच्या कागदावर घरं पाडा, चिठ्ठ्या टाका आणि चिठ्ठी सांगेल तिथे जा, मग तिथे नुसती करवंद असली तरी. आणखी निदान दोन चौकोन घ्या.

दोडामार्गकर

हा धागा रात्री वाचला आणि राहवलं नाही. आमच्याकडे तिलारीच्या खोऱ्यात डोंगरच्या डोंगर विकले गेले आणि तिथे रबर आणि अननस आलं. केरळातून आलेल्या माणसांनी मेहनतीने उभं केलं, त्यांना दोष देत नाही. विकणारे आम्हीच होतो. पण मला एक कळत नाही. माझा भाचा म्हणतो की सरकारी अहवालात आमच्या तालुक्याचं वनक्षेत्र फारसं कमी झालेलं दिसतच नाही. हे कसं शक्य आहे? जिथे दिवसा अंधार असायचा तिथे आता रबराच्या सरळ रांगा आहेत.

टेप आणि वही (पुणे)

शक्य आहे, आणि सगळ्या धाग्यात मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे.

डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी अहवाल काढतं, १९८७ पासून. त्यांची 'वनाच्छादना'ची व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा जास्त जमीन, तिच्यावर झाडांची सावली १० टक्क्यांहून जास्त, मग मालक कुणीही असो आणि झाड कुठलंही असो. उपग्रह वरून सावली बघतो. काजूची मोठी बाग, रबर, आंब्याची बाग, बांबू, सगळं त्यात येतं. २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर म्हणजे २१.७६ टक्के आहे, आणि झाडांचं क्षेत्र धरून २५.१७ टक्के. हे आकडे खोटे नाहीत. पण रान जाऊन बाग आली तर पहिल्या काही वर्षांत जागा उघडी दिसेल, कलमं मोठी झाली की पुन्हा 'वन' होईल.

हे महत्त्वाचं का, तर याच जमिनीच्या वहीवर देशाचा मोठा भार आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालानुसार २०२० मध्ये देशाचं एकूण उत्सर्जन २,९५९ दशलक्ष टन कार्बन डायऑक्साइडएवढं होतं, जमीन आणि जंगल न धरता. त्यातलं सुमारे ५२२ दशलक्ष टन आपल्या जंगलांनी आणि जमिनीने शोषलं. त्या वर्षीच्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाशी ताडून पाहिलं तर सुमारे २२ टक्के. २०३० पर्यंत वाढीव झाडोऱ्यातून अडीच ते तीन अब्ज टनांचा जादा साठा करू असं वचन आपण २०१५ साली दिलंय, आणि २००५ च्या तुलनेत त्यातला २.२९ अब्ज टन झालाय असं तो अहवाल सांगतो. एवढा मोठा आकडा जिच्यावर उभा आहे ती वही भरताना ताईंचं ऐनाचं रान आणि शेजारची काजूची बाग यांच्यात वरून फरक कळत नाही. जमिनीवर उतरून मोजलेल्या चौकोनांतून काही फरक पकडला जातो, पण ते चौकोन देशभर पसरलेले असतात. एका गावाचं रान त्यात दिसत नाही.

सड्यावरची (देवरुख)

म्हणजे आमचं रान गेलं तरी कुठलाच आकडा हलणार नाही? हे वाचल्यापासून शिलाईच्या मशीनवर बसले तरी डोक्यातून जात नाही.

काल दोन चौकोन घेतले, चिठ्ठ्या टाकूनच. एक सड्याच्या अंगाला निघाला. तिथे खोडं दहाच, खुजी, त्यात दोन वठलेली. दुसरा मधल्या घळीत निघाला, तिथे २२. शेजारच्या काकी गवत कापत होत्या, त्याही मदतीला आल्या. त्यांनी मला दाखवलं की दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात वणवा आला होता तेव्हा सड्याकडचा भाग जळला, म्हणून तिथे एवढं विरळ. वणव्याचं काही वेगळं धरायचं असतं का?

टेप आणि वही (पुणे)

तिन्ही चौकोनांचे आकडे: २.४, १.१ आणि १.९ टन. सरासरी १.८. म्हणजे हेक्टरी ४५ टन कोरडं लाकूड, मुळं धरून सव्वाछप्पन्न. कार्बन साडेसव्वीस टनांच्या आसपास, कार्बन डायऑक्साइडमध्ये हेक्टरी ९७ टन. तुमचं रान ३.२४ हेक्टर, म्हणजे सगळं मिळून सुमारे ३१४ टन, मातीतलं सोडून. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो निघतो. तेव्हा तुमच्या रानात सुमारे एक लाख छत्तीस हजार लिटर पेट्रोलचा धूर उभा आहे, लाकडाच्या रूपात. पहिल्या एकाच चौकोनावर गेलो असतो तर ४२० टन म्हणालो असतो आणि चुकलो असतो. तीन चौकोनांवरही हा अंदाजच आहे, पण दादांसमोर ठेवता येईल असा.

वणव्याचं वेगळं धरतात. आगीत कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन २८ पट आणि नायट्रस ऑक्साइड २६५ पट जोराने धरतात. पुन्हा फुटलेलं झाड कार्बन परत घेतं, हे दोन वायू परत घेत नाही. माघ संपायच्या आत सड्याच्या कडेने गवत कापून दहा फुटांची जाळरेषा काढा. तुमच्या रानासाठी या वर्षी एवढं एकच काम केलंत तरी ते मोलाचं आहे.

आता करार. तुमच्याकडे जो मुलगा आला होता त्याच्याबद्दल मी काही म्हणत नाही, त्याला कंपनीने जे सांगितलं ते तो सांगतो. हिशेब करू. आठ एकराला बारा हजारांनी वर्षाला ९६ हजार. १९ वर्षांत ३१४ टन, म्हणजे वर्षाला साडेसोळा टन वाढ. ९६ हजारांना साडेसोळाने भागा: टनाला ५,८०० रुपये फक्त तुम्हालाच, कंपनीचा खर्च आणि नफा वेगळा. जंगलाचं क्रेडिट बाजारात त्यापेक्षा कितीतरी कमी भावात जातं. तेव्हा तो आकडा एक तर खोटा आहे, किंवा पहिल्या वर्षापुरता आहे.

दुसरं, क्रेडिट कशाचं मिळतं? प्रकल्प नसता तर जे झालं नसतं, त्याचं. तुमचं रान आपोआप वाढतंय, त्याला कंपनीने काही केलेलं नाही. 'नाहीतर तोडलं असतं' हे सिद्ध करावं लागतं, आणि आठ एकरासाठी तेवढा तपासणीखर्च कुणी करत नाही, शेकडो शेतकरी एकत्र बांधतात. तिसरं, हे दादांना जरूर सांगा: रान तोडून तिथे नवी झाडं लावून क्रेडिट घेऊ असा कुणी सल्ला दिला तर तो सापळा आहे. व्हेराच्या (क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमात नैसर्गिक रान साफ केलेली जमीन दहा वर्षं उलटल्याशिवाय अशा प्रकल्पात बसत नाही.

त्या मुलाला चार प्रश्न विचारा. व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डच्या नोंदवहीत प्रकल्पाचा क्रमांक काय? वणवा लागला तर नुकसान कुणाचं? माझा वाटा टक्क्यांत किती आणि कुठल्या रकमेवर? चाळीस वर्षांत आमच्यातलं कुणी वारलं किंवा जमीन वाटली तर काय? उत्तरं मराठीत आणि लेखी मागा.

निवृत्त वनपाल (चिपळूण)

टेपवाल्या भाऊंनी सांगितलेल्यात एकच भर. सह्या तिघांच्या लागतात, ही तुमची अडचण नाही, ताकद आहे. एकीने नाही म्हटलं की रान उभं राहतं. पण भावाशी भांडून रान राखू नका. त्याला एकदा घेऊन या.

सड्यावरची (देवरुख)

काका, तेच केलं. दादा शनिवारी आला. मी त्याला आकडे दाखवले नाहीत, आधी सरळ रानात नेलं. अप्पांच्या त्या खुंटाजवळ. तो खाली बसला आणि खळग्यातली पानं हाताने काढायला लागला. मग म्हणाला, "तिरका तोडलाय." एवढंच.

संध्याकाळी ओटीवर वही उघडली. ३१४ टन त्याला एकदम कळलं नाही, पेट्रोलचं कळलं, तो रिक्षा चालवायचा आधी. दुसऱ्या वहीची गोष्टही सांगितली, कारखाना शून्य लिहितो ती. तो म्हणाला, "म्हणजे वजा आपल्या नावावर आणि कौतुक त्यांचं." आणि काजू हवाच आहे त्याला, ते मी समजू शकते. खालच्या घराजवळ आमची दीड एकर वरकस आहे, नाचणी बंद झाल्यापासून नुसतं गवत. तिथे जेसीबीशिवाय, खड्डे मारून ऐंशी-नव्वद कलमं बसतील असं तो म्हणतोय. आधी तो ही जमीन धरतच नव्हता, कारण तिथे पाणी नाही. पऱ्याचं पाणी पाइपने आणता येईल, मार्च अखेरपर्यंत तरी. पऱ्या वाहतोय तो वरच्या रानामुळे, हे तो स्वतःच बोलला.

कार्बनवाल्या मुलाला फोन केला. प्रकल्प क्रमांक 'लवकरच मिळेल' म्हणाला. करार परत दिला.

ठेकेदाराला दादाने अजून नाही म्हटलेलं नाही. कॉलेजच्या फीचा प्रश्न आहेच. मी आणि बहिणीने मिळून सोसायटीतून काही रक्कम काढायचं बोललोय. शिमग्याला तिघं पुन्हा बसणार आहोत. त्याच्या आत मला झाडांवर खुणा करायच्या आहेत, पुढच्या वर्षी त्याच जागी घेर घ्यायला. रंग कुठला वापरू? आणि ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळते, त्यावर पट्टा टिकेल का?

टेप आणि वही (पुणे)

पिवळा किंवा पांढरा ऑइलपेंट. ऐनाची साल ब्रशने हलकी झाडून घ्या, तासू नका, जखम झाली तर घेर खोटा येतो. पट्टा १.३७ च्या खुणेच्या अगदी वर मारा आणि टेप पट्ट्याच्या खालच्या कडेला लावा. झाडाला क्रमांक द्या. दरवर्षी त्याच महिन्यात मोजा, शक्यतो मार्गशीर्षात, कारण पावसाळ्यात खोड पाण्याने फुगतं. आणि बेहड्यालाही एक क्रमांक द्या, चौकोनात नसला तरी.